रात्री नीट झोप लागायला खाण्यापिण्यात काय बदलायचं, कधी आणि कसं: अगदी पहिल्यापासून

रात्री अडीचला डोळे टक्क उघडायचे आणि मग साडेचारपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं, असं माझं जवळजवळ दीड वर्ष चाललं होतं. सकाळी सहाला उठून डबे, मग लोकल, दिवसभर ऑफिस, आणि डोळ्यांत वाळू घातल्यासारखं. ज्याला विचारावं तो एक उपाय सांगायचा, कोणी म्हणे दूध पी, कोणी म्हणे रात्री भात सोड, कोणी म्हणे अश्वगंधा घे, आणि मी सगळं एकदम सुरू करायचे आणि चार दिवसांत सोडून द्यायचे.

नंतर कळलं की आमच्या एकाच घरात तिघांची झोप बिघडली होती आणि तिघांची कारणं वेगळी होती. माझं कारण चहा. नवऱ्याचं कारण उशिरा आणि भरपेट जेवण. सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, कारण संध्याकाळनंतरचं पाणी आणि एका गोळीची वेळ. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडलाच नसता. म्हणून दुसऱ्याचा उपाय उचलायच्या आधी आपलं कारण शोधा, खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

काय काय लागेल

- भिंतीवरचं कालनिर्णय किंवा कुठलंही मोठे चौकोन असलेलं कॅलेंडर, आणि त्याला दोरीने बांधलेलं पेन (न बांधलेलं पेन दोन दिवसांत गायब होतं)
- मिलिलिटरच्या खुणा असलेला मापाचा कप
- घरातल्या ज्याची झोप बिघडलीये त्याच्या सगळ्या औषधांची पाकिटं, डोकेदुखीच्या गोळ्यासुद्धा
- वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट असतील तर ते: हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड
- दोन आठवडे. त्याहून घाई करू नका

पायरी १: पहिला आठवडा फक्त लिहा, बदलू काहीच नका

आपण दुधाचा हिशेब जसा कॅलेंडरच्या चौकोनात लिहितो तसंच लिहायचं. माझ्या खुणा अशा होत्या: 'च' म्हणजे चहा आणि पुढे वेळ, 'जे' म्हणजे रात्रीचं जेवण संपल्याची वेळ, 'जा' म्हणजे रात्री जाग किती वाजता आली. बाबांच्या चौकोनात 'ल' म्हणजे लघवीला किती वेळा उठले.

इथे बहुतेक लोक चुकतात ते असं की लिहायला लागल्या दिवसापासूनच चांगलं वागायला लागतात. मग कागदावर सगळं छान दिसतं आणि कारण सापडत नाही. जसं खाता पिता तसंच खा प्या, फक्त खरं लिहा. सहाव्या दिवशी मी माझी ओळ वाचली तेव्हा 'च' सात वेळा होता, आणि मला कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर तीन सांगितले असते. ऑफिसमधला मुलगा किटली घेऊन फिरतो, तो विचारत नाही, सरळ कप भरून ठेवतो, तो चहा आपण मोजतच नाही.

पायरी २: कॅफिनचा हिशेब करा

दिवसभर जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, ते जितकं जास्त तितकी झोपेची ओढ जास्त. कॅफिन काय करतं तर त्या ॲडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं. म्हणजे थकवा तिथेच असतो, फक्त मेंदूला त्याचा निरोप पोचत नाही.

आणि हे कॅफिन लवकर जात नाही. निरोगी मोठ्या माणसात अर्धं कॅफिन शरीरातून जायला सरासरी ५ तास लागतात, कोणाला दोन तर कोणाला नऊ. आता माझाच हिशेब बघा, संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातून निघायच्या आधी मी एक कडक चहा घ्यायचे, त्यात ६० मिलिग्रॅम कॅफिन धरलं तर रात्री साडेअकराला ३० अजून शरीरात आहे आणि पहाटे साडेचारला १५. त्याच्या आधी चारला घेतलेल्याचं उरलेलं वेगळं.

किती कशात असतं ते साधारण असं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीत ८० ते १२० असं दिलंय, आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका असं सांगितलंय. आता मापाचा कप काढा आणि तुमचा रोजचा कप किती मिलिलिटरचा आहे ते पाण्याने भरून बघा. आमचा घरचा मग २२० चा निघाला. म्हणजे मी ज्याला एक चहा म्हणत होते तो दीड होता. त्यात आपण चहा उकळ उकळ उकळतो, त्यामुळे वरच्या आकड्याजवळच धरा.

चहा कॉफी सोडून आणखी कुठे कॅफिन असतं: कोला, एनर्जी ड्रिंक (२५० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ७५ ते ८०), डार्क चॉकलेट, ग्रीन टी (हो, ग्रीन टीमध्येही असतं, रात्री जेवणानंतर 'हलकं' म्हणून पिणारे खूप आहेत), आणि डोकेदुखीच्या काही गोळ्या. त्या गोळ्यांचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, म्हणूनच पाकिटं जवळ ठेवा म्हटलं.

"मला चहाने काही होत नाही, मी पिऊन लगेच झोपतो" असं म्हणणारे प्रत्येक घरात असतात. २०१३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, त्यात ४०० मिलिग्रॅम कॅफिन झोपायच्या तब्बल ६ तास आधी दिलं तरी झोप एक तासाहून जास्त कमी झाली, आणि ते यंत्रावर दिसलं, त्या माणसांना स्वतःला नीट जाणवलंही नव्हतं. डोस मोठा होता आणि माणसं थोडी होती हे खरं, पण झोप लागते म्हणजे झोप चांगली होते असं नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

काय करायचं: झोपायच्या ८ तास आधी शेवटचा चहा. अकराला झोपत असाल तर दुपारी तीन. संध्याकाळच्या चहाची सवय मोडवत नसेल तर त्या वेळी गवती चहा, आलं आणि गूळ घालून उकळून घ्या, पत्ती न घालता. मला खरं तर चहा नको होता, मला ते पाच मिनिटं खुर्चीत बसणं हवं होतं, ते गवती चहावरही भागलं.

सावधान १: एकदम बंद करू नका. मी सातावरून शून्यावर आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोकं असं ठणकायला लागलं की मी परत चहा घेतला. कॅफिन अचानक सोडलं की डोकेदुखी १२ ते २४ तासांत सुरू होते आणि कधी कधी आठवडाभर राहते. दर दोन तीन दिवसांनी एक कप कमी करा, आणि संध्याकाळचा कप आधी काढा, सकाळचा सगळ्यात शेवटी किंवा काढूच नका.

सावधान २: गरोदर बायकांमध्ये कॅफिन खूप वेळ टिकतं, शेवटच्या महिन्यांत तर अर्धं जायला १५ तासांपर्यंत लागू शकतात, त्यांनी दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आतच राहावं आणि डॉक्टरांना विचारावं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्येही ते जवळजवळ दुप्पट वेळ राहतं. आणि ज्यांनी नुकतीच सिगरेट सोडलीये त्यांच्यासाठी महत्त्वाचं, धूम्रपानाने कॅफिन लवकर जळतं, त्यामुळे सिगरेट सोडल्यावर तेवढाच चहा जास्त वेळ रेंगाळतो. लोकांना वाटतं सिगरेट सोडली म्हणून झोप गेली आणि परत सुरू करतात. तसं करू नका हो, चहा निम्मा करून बघा.

पायरी ३: जेवण संपल्यापासून झोपेपर्यंत तीन तास मिळवा

वाचायला सोपं आहे पण मुंबई, ठाणे, पुण्यात नोकरी करणाऱ्याला हे सगळ्यात अवघड. नवरा घरी यायचा पावणेनऊ नऊला, आंघोळ, थोडा टीव्ही, सव्वादहाला ताट, आणि अकराला आडवा. दिवसभराची भूक असायची त्यामुळे चार पोळ्या, भाजी, वर आमटी भात, आणि शेवटी काहीतरी गोड. रात्री एक वाजता उठून बसायचा, घशाशी आंबट यायचं, खोकला यायचा.

आडवं पडल्यावर जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत यायला सोपं जातं, पोट भरलेलं असेल तर आणखीच. म्हणून जेवण आणि अंथरूण यांच्यात निदान दोन, जमलं तर तीन तास.

आमच्याकडे जे जमलं ते सांगते. आम्ही जेवणाची वेळ हलवू शकलो नाही, म्हणून जेवणच दोन ठिकाणी फोडलं. सकाळी दुसरा छोटा डबा द्यायला लागले, दोन पोळ्या कोरड्या भाजीबरोबर गुंडाळून, तो त्याने साडेसहाला ऑफिसातच खायचा, गाडी पकडायच्या आधी. मग नऊला घरी आल्यावर भूक तेवढी राहत नाही आणि एक वाटी मुगाची खिचडी किंवा एक भाकरी आणि पालेभाजी यावर भागतं. पहिल्या आठवड्यात तो डबा तसाच परत यायचा कारण ऑफिसात साडेसहाला पोळी भाजी काढून बसायला त्याला बरं वाटेना. मग रोल करून फॉइलमध्ये दिला, तो उभ्याउभ्या खाता येतो. नववी की दहावी रात्र असेल, तो सलग सहा तास झोपला, मी उठून बघितलं की ठीक आहे ना.

तरीही घशाशी येत असेल तर दोन गोष्टी: डाव्या कुशीवर झोपा, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन दोन विटा ठेवा, म्हणजे डोक्याची बाजू सहा एक इंच वर येते. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही, त्याने मान वाकते आणि पोट दाबलं जातं. विटा घट्ट बसल्या आहेत ना, हे पलंग हलवून बघा.

फार महत्त्वाचं: छातीत दुखतंय, दडपण आहे, घाम फुटलाय, हात किंवा जबडा दुखतोय तर ती ॲसिडिटी समजून सोड्याचं पाणी पिऊन झोपून जाऊ नका, त्याच वेळी हॉस्पिटलला जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

पायरी ४: रात्रीच्या ताटात काय

इथे फार सोवळं पाळायची गरज नाही. रात्री तळण, तर्री, ठेचा, मटणाचा झणझणीत रस्सा नको, कारण तेलकट जेवण जठरात जास्त वेळ राहतं आणि तिखटाने अनेकांना जळजळ होते. मिसळ सकाळी खा, मटण रविवारी दुपारी करा. फरसाण तर टीव्हीसमोर किती खाल्लं ते कळतच नाही, तो डबा फळीवर वर ठेवा.

भाताबद्दल मात्र सांगायलाच हवं कारण रात्री भात नको हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. २००७ मध्ये सिडनी विद्यापीठात १२ निरोगी पुरुषांवर एक छोटा प्रयोग झाला, त्यात झोपायच्या चार तास आधी लवकर पचणारा भात खाल्ला तेव्हा सरासरी ९ मिनिटांत झोप लागली, आणि हळू पचणारा भात खाल्ला तेव्हा साडेसतरा मिनिटांत. प्रयोग छोटा आहे, त्यावरून नियम करू नका, पण वरण भात खाल्ल्याने झोप बिघडते असं काही नाही, बिघडते ती प्रमाणाने आणि वेळेने. मधुमेह असेल तर मात्र भाताचं प्रमाण डॉक्टर सांगतील तेच.

उपाशी झोपणं हाही उपाय नाही. वजन कमी करायला म्हणून रात्रीचं जेवण सोडलं की पहाटे भुकेने जाग येते. उपवासाच्या दिवशी माझ्या नणंदेला हेच व्हायचं, ती रात्री आता एक केळं आणि थोडे भिजवलेले शेंगदाणे खाते. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी रात्रीचं जेवण स्वतःच्या मनाने कधीच सोडू नये, झोपेत शुगर खाली जाते, घाम येतो, भयानक स्वप्नं पडतात, जीवावर बेतू शकतं.

पायरी ५: पाणी

पाणी कमी करायचं नाही, त्याची वेळ बदलायची. बाबा दिवसभर पाणी पीत नसत आणि संध्याकाळी आठवण झाली की दोन तांबे. मग रात्री चार वेळा उठणं, अंधारात पडायची भीती वेगळी. आता सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत दोन बाटल्या भरून त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवतो आणि झोपायच्या आधी दोन तास फक्त घोटभर. रात्रीची कढी, सार, ताक, कलिंगड हेही पाणीच आहे, ते दुपारी. पाय सुजत असतील तर संध्याकाळी तासभर पाय उशीवर वर ठेवून पडायचं, नाहीतर दिवसभर पायात साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे निघतं. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यांची वेळ डॉक्टरांना विचारा, स्वतः बदलू नका. शुगर आणि प्रोस्टेट दोन्ही तपासून घ्या, नुसतं वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

पायरी ६: दारू आणि तंबाखू

थोडी घेतली की छान झोप लागते, हे अर्धं खरं आहे. डोळा लवकर लागतो. पण पहिल्या अर्ध्या रात्रीत स्वप्नांची झोप दबते, आणि दारू उतरायला लागली की दुसऱ्या अर्ध्या रात्रीत झोप तुकड्या तुकड्यांची होते, तहान लागते, लघवीला उठावं लागतं. घशाचे स्नायू सैल पडतात म्हणून घोरणं वाढतं, आणि ज्यांचा झोपेत श्वास अडकतो त्यांना तर ती धोक्याचीच. झोपेची गोळी आणि दारू एकत्र कधीच नाही. घेणारच असाल तर झोपेच्या निदान तीन चार तास आधी थांबा, पण झोपेसाठी म्हणून घेऊ नका, ही सवय हळूहळू मापाबाहेर जाते, मी जवळच्या माणसात बघितलंय.

निकोटीन जागं ठेवतं. सिगरेट, तंबाखू, आणि आपल्याकडच्या मोठ्या बायकांची मिश्री सुद्धा. मिश्रीला कोणी तंबाखू धरतच नाही, रात्री जेवल्यावर लावून झोपतात आणि मग झोप येत नाही म्हणतात. आजीला प्रेमाने सांगा, निदान रात्रीची आधी सोडवा.

पायरी ७: दूध, जायफळ वगैरे

कोमट दूध प्या, चांगलंच आहे, पण त्यातल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या, प्रथिनांतल्या एका घटकाने झोप येते असं जे सांगतात ते एका कपात फारच थोडं असतं. कोजागरीला आपण तेच मसाला दूध पिऊन मध्यरात्रीपर्यंत गच्चीवर गप्पा मारतोच की. मला वाटतं दुधाचा गुण असेल तर तो रोज त्याच वेळी, दिवा मंद करून, फोन बाजूला ठेवून शांत बसण्याचा जास्त आहे. साखर आणि चॉकलेट पावडर नको. दूध पचत नसेल, पोट फुगत असेल तर हट्ट करू नका.

जायफळाबद्दल सावध राहा. सहाणेवर एक दोन वळसे उगाळून घालणं वेगळं आणि चमच्याने पूड घालणं वेगळं. पाच एक ग्रॅम जायफळानेही विषबाधा होऊ शकते, छाती धडधडते, उलट्या होतात, भास होतात. आणि लहान बाळ झोपावं म्हणून जायफळ देऊ नका, सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच नाही.

पायरी ८: दुसऱ्या आठवड्यात एकच गोष्ट बदला

कॅलेंडर समोर घ्या आणि वाईट रात्रींच्या चौकोनांवर गोल करा. त्या दिवशी काय वेगळं होतं? जे सगळ्यात जास्त वेळा दिसेल तेवढंच बदला आणि सात दिवस लिहा. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही आणि सगळंच सुटेल. मी फक्त दुपारी तीननंतरचे कप काढले, दहा बारा दिवसांत अडीचची जाग जवळजवळ थांबली. आठवड्यातून एखादी वाईट रात्र अजून येते, ती येऊ दे.

पायरी ९: एवढं करूनही फरक नाही तर डॉक्टर

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ झोप लागत नसेल तर ते नुसतं खाण्यापिण्याचं नाही, त्यावर गोळ्यांशिवायचे उपचारही आहेत. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं, दिवसा गाडी चालवताना डुलकी, सतत उदास वाटणं, या सगळ्यांना तर थांबूच नका.

पायांना रात्री वळवळल्यासारखं होतं, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा, लोह कमी असल्याने असं होऊ शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता, म्हणजे हे घराघरात आहे. आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह अडवतो, त्यामुळे जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको.

डॉक्टरांकडे जाताना हे न्या: दोन आठवड्यांचं कॅलेंडर, सगळ्या औषधांची पाकिटं, जुने रिपोर्ट, आणि शेजारी झोपणारं माणूस, कारण घोरणं त्यालाच माहीत असतं. मी त्या महिन्याचं पान सरळ फाडून नेलं होतं. डॉक्टरांनी ते टेबलावर पसरलं, बाबांच्या ओळीवरून बोट फिरवलं, आणि विचारलं, "ही लघवीची गोळी तुम्ही रात्री आठला घेता?" ती सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची असं त्यांनी लिहून दिलं. आता बाबा रात्री एकदाच उठतात.